घेवड्यावर छप्पर

शर्त लागली ती पावाच्या रांगेत, आणि लावली पाववाल्यानं. सकाळचे सात वाजलेले, पहिला घाणा संपलेला, दुसरा भट्टीत, आणि दारात पंधरा-वीस माणसं पिशव्या धरून एकमेकांच्या मानेकडं बघत उभी. त्या रांगेत छप्परवाला पण होता. होता म्हणजे कसा, तर विजेचा खांब असतो तसा. पुढचा सरकला की सरकायचं, बस्स.

आणि हा तोच माणूस, ज्यानं तीन वर्षांमागं पाववाल्याची गळती काढायला वर चढून धुराड्यात तोंड घातलं होतं आणि घोगरा आवाज काढून सांगितलं होतं की मी तुझा बाप बोलतोय, पिठात मीठ कमी टाकतोस. पाववाल्याचा बाप जाऊन तेव्हा सहाच महिने झाले होते. पाववाल्यानं त्या दिवशी मीठ दुप्पट टाकलं, आणि अख्ख्या गल्लीनं खारट पाव खाऊन संध्याकाळपर्यंत पाणी ढोसलं. छप्परवाल्याची बायको हसून हसून ओट्यावरच बसली होती. त्याच्या खोड्यांना पहिली हसायची ती. बाकीचे तिच्याकडं बघून हसायचे.

ती थंडीत गेली. छातीत कफ भरला आणि अकरा दिवसांत खेळ खलास. तेव्हापासून छप्परवाला छपरावर चढायचा, गळती काढायचा, उतरायचा, पाव घ्यायचा, घरी जायचा. पाच महिन्यांत त्यानं कुणाच्या पिशवीत दगड टाकला नव्हता की कुणाची छत्री उलटी केली नव्हती. गल्लीला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं होतं. पाववाल्याला तर ते बघवेना.

म्हणून छप्परवाल्याचा नंबर आला तसा पाववाल्यानं पाव पुढं केलाच नाही. तो रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला लागला. म्हणे, तुमच्या परसातला घेवडा संपला आता. पिकवणारी ती होती, तू नुसता गिळणारा. यंदा तिथं गवत उगवेल, तेच खा. छप्परवाल्यानं नुसती पिशवी पुढं धरली. मग पाववाला म्हणाला, मी लावतोय यंदा माझ्या मागच्या भिंतीला. उन्हाळ्याच्या शेवटच्या रविवारी ह्याच तराजूत घालू. ज्याचा घेवडा कमी भरेल, त्यानं माझ्या ह्या छपरावर चढायचं आणि पावाच्या रांगेसमोर तीनदा कोंबड्यासारखं आरवायचं.

रांग हसली. छप्परवाल्यानं मान वर केली, छपराकडं बघितलं, मग पाववाल्याकडं.

"आरवताना मान ताणायची," तो म्हणाला. "घसा खाकरल्यासारखं केलेलं चालणार नाही. आणि पंख पण हलवायचे."

पाच महिन्यांतली ही पहिली थट्टा. पाववाल्यानं घाईघाईनं पाव त्याच्या हातात कोंबला आणि एप्रनला डोळे पुसत म्हणाला, पीठ गेलं डोळ्यात.

घरी आल्याआल्या छप्परवाल्यानं फळीवरचा डबा काढला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. बायको असताना त्या डब्याला हात लावायची त्याची टाप नव्हती. एकदा त्यानं त्यात बेडूक ठेवला होता, तेव्हापासून डबा वरच्या फळीवर गेला होता. आत दोन पुड्या निघाल्या. एक मोठी, कागदाची, नुसती दुमडलेली. दुसरी लहान, फडक्याची, लाल दोऱ्याचे सात वेढे देऊन करकचून गाठ मारलेली. दोन्हीत घेवड्याचंच बी. पांढरं, आणि पोटाशी एक जांभळा ठिपका, शाईचं बोट लागावं तसा.

हे बी सासूचं. तिच्या परसात व्हायचं. गुडघे गेले आणि ती लेकीकडं राहायला आली, तेव्हा येताना एक पेटी, एक स्टूल आणि हे बी घेऊन आली होती. स्टूल आता मोडलं होतं. लेक पण गेली होती.

छप्परवाल्यानं डोकं चालवलं. बायकोनं एवढी घट्ट गाठ मारून वेगळं ठेवलंय म्हणजे हे निवडक बी असणार. शर्त जिंकायची तर ह्याच्यावरच. गाठ सुटेना, तेव्हा त्यानं दोरा दातानं तोडला. दोन्ही पुड्या एका वाडग्यात ओतल्या आणि परसात उकिडवा बसला. तेरा पावलं लांब, सहा पावलं रुंद. बायको वितीवितीवर एक दाणा टाकायची. त्यानं चार-चार बोटांवर टाकला. जास्त पेरलं की जास्त उगवतं, एवढा हिशोब त्याला पुरेसा वाटला. शेवटचा दाणा टाकून त्यानं वाडगं झटकलं तेव्हा कितीतरी दिवसांनी त्याला भूक लागल्यासारखी वाटली.

सासूला त्यानं फक्त शर्तीचं सांगितलं. ती खिडकीशी बसून गुडघ्याला तेल चोळत होती. म्हणाली, "कोंबडा व्हायची हौस असेल तर तसं सांगा ना जावईबापू. त्यासाठी शेती कशाला करायची?"

त्या दोघांचं असंच चालायचं. लेक गेल्यापासून दोघं एकमेकांची खेचायचे, आणि जिच्याबद्दल बोलायला पाहिजे तिच्याबद्दल बोलायचे नाहीत. घरात तिसरी छप्परवाल्याची पोर, लाँड्रीत कामाला. ती सकाळी जायची, संध्याकाळी साबणाचा वास घेऊन यायची, आणि आजी आणि बाप दोघंही जेवले की नाही एवढं बघून झोपायची.

मग उन्हाळा आला. म्हणजे कॅलेंडरावर आला. बाहेर काही आला नाही. बाहेर पाऊस. पहिला आठवडा लोक म्हणाले, आज पडून जाईल. दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, उद्या उघडेल. तिसऱ्या आठवड्यात म्हणायचं सोडून दिलं. सूर्य म्हणजे एखाद्या नको असलेल्या लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा. तोंड दाखवायचा आणि लगेच चपला शोधायला लागायचा. भिंतींना ओल चढली. काडेपेटीतल्या काड्या पेटेनात. दारं फुगून चौकटीत बसेनात.

छप्परवाल्याला असं काम जन्मात मिळालं नव्हतं. ह्याचं कौल सरकलं, त्याचा पत्रा उचकटला, हिच्या पन्हळीत पाला अडकला. दिवसाला तीन-तीन घरं. हाताची बोटं पांढरी पडून सुरकुतली, नखांत डांबर, गुडघ्याला पत्र्याचे वळ. चढताना पोटऱ्या थरथरायच्या. दिवसभर लोकांच्या घरात पाणी शिरू नये म्हणून झटायचं, आणि घरी यावं तर तेच पाणी आपल्या परसात घोट्याएवढं उभं. एकाच पावसानं त्याचं पोट चालत होतं आणि त्याच पावसानं त्याचा घेवडा मरत होता.

एके दिवशी त्यानं बोटानं माती उकरली. दाणा सापडला, पण उकडलेल्या बटाट्यासारखा मऊ. हुंगला तर सडका वास. पुढचा उकरला, तोही तसाच. जे थोडे उगवले होते ते गोगलगायींनी धरले. सकाळी जावं तर नुसते देठ उभे, वर पान नाही. पाववाल्याला कळलं तसा त्यानं भट्टीतली राख बादली भरून पाठवली. शर्त त्याच्याशीच लागलेली, आणि राख त्याचीच. राख टाकली तर गोगलगायी येत नाहीत म्हणे. पावसानं तासाभरात राखेचं लोणी केलं, आणि गोगलगायी त्यावरून घसरगुंडी खेळत आल्या.

पाच वेल तेवढे राहिले.

हे त्यानं जेवताना सांगितलं. हसत सांगितलं, की सासूबाई, कोंबड्याची तयारी करायला लागतो मी. पोरीनं पण तोंड वाकडं करून हसल्यासारखं केलं. सासू शांतपणे घास चावत होती.

"घाबरता कशाला," ती म्हणाली. "अजून वेळ आहे. दुसऱ्यांदा पेरा. लाल दोऱ्याचं काढा."

"कुठलं लाल दोऱ्याचं?"

"फडक्याच्या पुडीतलं. दरसाल तिसरा हिस्सा मागं ठेवायचा असतो. साल वाईट गेलं तर बी बुडू नये म्हणून. मीच शिकवलं होतं तिला. सात वेढे का, तर घाईत कुणाला सुटू नये."

छप्परवाल्यानं घास ताटात ठेवला. पोरगी त्याच्या तोंडाकडं बघायला लागली.

"ते पण पेरलं," तो म्हणाला.

"सगळं?"

"सगळं."

सासू ओरडली नाही. ताट सारलं नाही. तिनं ताटातलं शेवटपर्यंत पुसून खाल्लं, हात धुतले, भिंतीला धरत धरत आपल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. फुगलेलं दार पुरतं लागेना, तर आतून ढकलून ढकलून लावलं.

दुसऱ्या दिवसापासून ती जावयाशी बोलायची बंद झाली. तो दोन हातांच्या अंतरावर बसलेला असायचा, आणि ती नातीला म्हणायची, तुझ्या बापाला सांग दाराची कडी करकरतेय. तुझ्या बापाला विचार चहा घेणार का. पोरगी इकडं तिकडं मान वळवून निरोप पोचवायची. कडीला तेल घालताना छप्परवाला मुद्दाम म्हणायचा, तुझ्या आजीला सांग, कडी पण तिच्यासारखी गप्प केली. कुणी हसायचं नाही.

मग त्याला आठवलं की बायको दरसाल गल्लीभर बी वाटायची. चिमूट-चिमूट, कागदात बांधून. कुणाकडं तरी असणारच. त्याला एकदम हायसं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून ज्या घराच्या छपरावर चढायचा, त्या घरात उतरल्यावर विचारायचा.

मास्तरीणबाईंकडं पहिलं विचारलं. बाई भल्या. त्याला अंग पुसायला टॉवेल दिला, गरम चहा दिला. म्हणाल्या, हो तर, दरसाल द्यायची. काय कोवळ्या शेंगा असायच्या. त्यानं विचारलं, थोडं बी राखलंय का? बाई नवलानं म्हणाल्या, राखायचं कशाला, ती द्यायचीच की दरसाल.

शिंप्याकडं तेच. पोस्टमनच्या घरी तेच. एका घरी सात वर्षांमागलं सापडलं. बाटली उलटी केली तर किड्यांनी पोखरून पीठ झालेलं. एका म्हातारीनं त्याच्यासाठी अख्खं कपाट उपसलं, आणि संध्याकाळी स्वतः छत्री घेऊन बरणी घेऊन आली. मोठ्या आनंदानं झाकण उघडलं. आत काळं बी, दुकानातलं, भलत्याच घेवड्याचं. तिला वाईट वाटू नये म्हणून छप्परवाल्यानं ते घेतलं, आणि हेच हेच म्हणाला. म्हातारी जाईपर्यंत हसरं तोंड धरून ठेवलं, आणि मग जबडा दुखायला लागला.

पाववाल्याकडं तो सगळ्यात शेवटी गेला. पाववाला मान खाली घालून पीठ मळत होता. त्याचा घेवडा पण दुकानातल्या पाकिटाचा. म्हणाला, तिच्याकडून घ्यायला येणार होतो नेहमीसारखा. निघालो पण होतो. मग आठवलं.

अख्खी गल्ली त्या एका डब्यावर निवांत होती. आणि त्या डब्यातला दोरा त्यानं दातानं तोडला होता.

पाच वेलांतले दोन पाण्यात बुडून पिवळे पडले. एक गोगलगायींनी संपवला. एकावर पन्हळ पडली. पन्हळ त्याच्या स्वतःच्या घराची. गावभरच्या पन्हळी दुरुस्त करणाऱ्याला घरची बघायला सवड झाली नव्हती. राहिला एक. स्वैपाकघराच्या भिंतीला, बरोब्बर सासूच्या खिडकीखाली. तो मात्र काठीला धरून चढला, त्याला फुलं आली, आणि फुलांच्या मागं शेंगा लागल्या. छप्परवाल्यानं मोजल्या. अकरा.

शर्तीसाठी म्हणाल तर शेंग कोवळी असताना तोडायची. तोडली की आणखी लागते. बी धरायचं तर तोडायची नाही. वेलावरच वाळू द्यायची, हलवली की खुळखुळली पाहिजे. एवढं त्यानं बायकोचं बघितलं होतं. ती कानाशी शेंग धरून हलवायची, आणि आवाज बरोबर आला की डोळा मारायची.

त्यानं एकही तोडली नाही. पाववाल्यानं कुंपणावरून डोकावून विचारलं, अरे तोडत का नाहीस. छप्परवाल्यानं सांगितलं. पाववाला म्हणाला, मग शर्त सोडून देऊ.

"शर्तीचं काय घेऊन बसलास," छप्परवाला म्हणाला. "शर्त तू जिंकलास. मला अकरा शेंगा वाळवून दे."

पण वाळणार कशा. पाऊस थांबेना. आणि पाऊस अडवणं हे एकच काम छप्परवाल्याला येत होतं. जन्मभर तेवढंच केलं होतं त्यानं. म्हणून एका दुपारी दोन कामांना टांग मारून त्यानं वेलासाठी छप्पर बांधलं. चार खांब, वर उतार, पट्ट्या ठोकून त्यावर पारदर्शक प्लास्टिकचे दोन थर, म्हणजे उजेड जावा आणि पाणी जाऊ नये. वाऱ्यानं पाऊस आडवा यायला लागला, तेव्हा त्यानं चारही बाजू जमिनीपर्यंत बंद केल्या. कडा मातीत दाबल्या, सांध्यांवर डांबराची पट्टी मारली. भिंतीशी जिथं फट होती तिथं चिंध्या कोंबल्या. आत एक कोरडं कौल ठेवलं. सकाळी एक कड उचलून हात घालून बघितलं, तर कौल कोरडं ठणठणीत.

आयुष्यात एवढं नेटकं काम त्यानं केलं नव्हतं. लोक बघायला आले. शिंपी म्हणाला, माझ्या घरापेक्षा हा घेवडा सुखात आहे. छप्परवाल्यानं सहज वर खिडकीकडं बघितलं. सासू बसली होती. ती त्या छपराकडं बघत होती. वरपासून खालपर्यंत, चारही बाजू. मग तिचे ओठ हलले. छप्परवाला थांबला. त्याला वाटलं, आता बोलेल. जावईबापू, बरं केलंत, एवढं जरी म्हणाली तरी चाललं असतं. पण तिनं तोंड मिटलं, मान फिरवली आणि आत नातीला हाक मारली. नात घरी नव्हती.

नात चार दिवस घरी आलीच नाही. लाँड्रीत कपड्यांचा डोंगर साचला होता. गावात कुणाचं काही वाळत नव्हतं, आणि वाळवायचं यंत्र होतं एकच. मालकानं दुहेरी पाळी लावली, आणि पोरी तिथंच गाठोड्यांवर पाठ टेकून दोन तास डोळे मिटायच्या आणि परत उभ्या राहायच्या.

छप्परवाल्याला पण त्याच दिवसांत गोदामाचं मोठं काम आलं. तो उजाडायच्या आत जायचा, आणि दिवेलागणीला यायचा. सासूनं जेवण झाकून ठेवलेलं असायचं. आल्यावर तो आधी परसात जायचा आणि प्लास्टिकला नाक लावायचा. आतून वाफ धरलेली, नीट दिसायचं नाही. पण हिरवं काहीतरी दिसायचं. हात लावला तर प्लास्टिक कोमट लागायचं. त्याला वाटायचं, आत ऊब धरलीय. वाळताहेत. मग खिडकीतल्या सावलीकडं बघायचा आणि आत जायचा. विचारावंसं वाटायचं, सासूबाई, बरोबर चाललंय ना. पण ती ज्या तोंडानं बघेल ते बघायची त्याची छाती नव्हती. रोज वाटायचं, उद्या विचारू.

पाचव्या दिवशी तो जरा लवकर आला. बूट काढत होता तोवर पोरगी पण आली, डोळे लाल, पाय सुजलेले. ती आत गेली. आतून सासूचा आवाज आला, घाईचा, दबका. आणि पोरगी तशीच बुटांशिवाय, मोजे भिजवत परसात धावत आली.

"बाबा, बाजू उघडा."

"का?"

"आजी म्हणते हवा पाहिजे. कोंडलंय सगळं. वरून पाणी अडवायचं, बाजू मोकळ्या ठेवायच्या, नाहीतर बुरशी धरते."

"कधी म्हणाली?"

"आत्ता म्हणाली. पहिल्या दिवसापासून सांगायचं होतं म्हणे. मी नव्हते घरी."

छप्परवाल्यानं सुरी घेतली आणि एका बाजूनं प्लास्टिक वरपासून खालपर्यंत फाडलं. आतून गरम वास आला, ओल्या पोत्याचा. पानांवर राखाडी लव. शेंगांवर पण, सशाच्या कानासारखी मऊ. कौल मात्र कोरडं होतं.

अकरा शेंगा त्यानं तोडून आत आणल्या. टेबलावर कापड पसरलं. अंगठ्यानं एकेक शेंग उकलली. आतलं बी फुगलेलं, तपकिरी, बुळबुळीत. जांभळा ठिपका पाण्यात शाई पसरावी तसा दाणाभर पसरलेला. दुसरी. तिसरी. पोरगी शेजारी बसून दाणे कापडावर ठेवत होती, रांगेत, जणू रांगेत ठेवले की त्यातला एखादा सुधारेल. सातवी. आठवी. शेवटच्या शेंगेत दोन दाणे बरे दिसले. पांढरे. छप्परवाल्यानं एक दाणा चिमटीत धरून हलकेच दाबला. साल सुटून आली. आत काळं. दुसरा त्यानं दाबलाच नाही, पोरीनं दाबला. तोही तसाच.

सासूच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. ती खिडकीशी बसली होती, पण पाठ खिडकीकडं. हात मांडीवर, तळवे वर. ती टेबलाकडं बघत नव्हती. तिला बघायची गरज नव्हती.

तुम्ही सांगितलं असतं तर, हे छप्परवाल्याच्या तोंडापर्यंत आलं. रोज सकाळी दोन हातांच्या अंतरावर चहा पीत होतो आपण. एक शब्द. पण तोंडापर्यंत आलेलं त्यानं तिथंच धरलं, कारण मग दुसरं पण म्हणावं लागलं असतं, की मी विचारलं असतं तर. आणि त्याच्यामागं तिसरं, की ती असती तर. त्यानं कापडाची चारी टोकं गोळा केली आणि परसात जाऊन सगळं मातीत लोटलं. छप्पर उतरवायला घेतलं. अंगावर पाऊस पडत होता, तो पडू दिला.

शेवटच्या रविवारी पण पाऊस होता, बारीक. पाववाल्याच्या दारात नेहमीपेक्षा मोठी रांग होती. शर्तीचं सगळ्यांच्या लक्षात होतं. पाववाल्यानं तराजू काढलाच नाही. तो म्हणाला, माझा पण सडला सगळा, बरोबरी झाली, चला पाव घ्या. छप्परवाला त्याच्या मागच्या खोलीत गेला आणि टोपलीखाली लपवलेला घेवडा घेऊन आला. मूठभर, वाकड्या-तिकड्या शेंगा, ठिपके पडलेल्या. स्वतः तराजू काढला. एका पारड्यात त्या ठेवल्या. दुसरं रिकामं ठेवलं. पारडं खाली टेकलं.

"जाऊ दे रे," पाववाला खालच्या आवाजात म्हणाला. "कोण मागतंय तुझ्याकडं?"

"मी द्यायला आलोय," छप्परवाला म्हणाला. "एवढं एकच देता येण्यासारखं राहिलंय. तेवढं तरी देऊ दे."

त्यानं शिडी लावली. ओल्या कौलांवर माणूस बघून पाय टाकतो. त्याचे पाय न बघता पडत होते. आढ्यावर जाऊन तो उभा राहिला. खाली तीस-चाळीस तोंडं वर झालेली, त्यांवर पाऊस. त्यानं कोपरं अंगाला लावून फडफडवली, मान ताणली, आणि आरवला. असला आरवला की शिंप्याच्या हातातली पिशवी पडली. रांग खदखदून हसली. मास्तरीणबाईंनी तोंडावर पदर धरला.

दुसऱ्यांदा आरवला तेव्हा कुणाच्या तरी खुराड्यातून खरा कोंबडा उलटून ओरडला. मग तर लोक एकमेकांच्या अंगावर पडायला लागले. पाववाला पण हसला, न राहवून. छप्परवाला वरून सगळ्यांकडं बघत होता. ह्या तोंडावरून त्या तोंडावर. सवयीनं तो पहिलं हसलेलं माणूस शोधत होता.

तिसऱ्यांदा त्यानं मान ताणली, तोंड उघडलं, आणि काही आलं नाही. तोंड तसंच उघडं. पाऊस आत पडत होता. लोकांना वाटलं, हा पण खोडीचा भाग. थोडं हसले. मग हसणं विरत गेलं. छप्परवाल्याची कोपरं खाली आली.

"दोन पुरे झाले," पाववाला खालून म्हणाला. "उतर आता."

"थांबा."

रांगेच्या शेवटी सासू उभी होती. ती कधी पावाला येत नसे. गुडघे तिला दारापलीकडं जाऊ देत नसत. एका हातात काठी, दुसरा हात नातीच्या खांद्यावर. लोक बाजूला झाले. ती एकेक पाऊल टाकत पाववाल्याच्या दारापर्यंत आली. काठी नातीकडं दिली, दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली, आणि वर बघितलं.

"तिसरं देणं माझं, जावईबापू," ती म्हणाली.

दोन महिन्यांत त्याच्याशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य. मग तिनं मान ताणली. मानेच्या शिरा दोऱ्यांसारख्या वर आल्या. आवाज आला तो फाटका, बारीक, आणि मध्येच तुटला.

कुणी हसलं नाही. तिनं दम खाल्ला, चौकट आणखी घट्ट धरली, आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं.